शेजाऱ्यांच्या आगामी नाटकास जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की उपनगरांत नाटके सुरू होतात. त्याच सुमारास, ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिन असतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले त्याची ही आठवण. भाव्यांना राजाश्रय होता. डोंबिवली, ठाणे, मुलुंड, बोरिवली इथल्या हौशी मंडळींना तो नसल्यामुळे त्यांना शेजाऱ्यांचा आश्रय घ्यावा लागतो. नाटक कसे बसवावे यावर पुस्तके निघतात, शिबिरे भरतात. नाटकाला कसे बसावे हे मात्र कोणी शिकवत नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न.

आगामी प्रयोगाची चाहूल वेळेत लागणे महत्त्वाचे. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ अचानक दाढी वाढवू लागले, तर घरात विचारपूस करू नये. भूमिका मिळालेली असते. रात्री गच्चीवरून ‘आई, हा खून मी केलेला नाही!’ असे ऐकू आले, तर पोलिसांना बोलावू नये. तालमीची वेळ साडेसातची असते, पण निम्मे कलावंत लोकलमध्ये लोंबकळत असल्यामुळे खून नऊच्या पुढेच होतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात आली की तिच्याखाली अंगठा उमटवू नये. आपल्या लेखी तो शिष्टाचार असतो, निर्मात्याच्या लेखी चार तिकिटांची नोंदणी. स्मरणिकेसाठी जाहिरात मागायला आल्यास ‘एका हितचिंतकाकडून’ एवढेच छापायला सांगावे, म्हणजे पुढल्या वर्षी शोधत येणे त्यांना जरा अवघड जाते.

सगळ्यात धोक्याची सूचना मात्र वेगळीच. एखाद्या संध्याकाळी दिग्दर्शक स्वतः घरी येतात, चहाला नाही म्हणत नाहीत आणि नजर फिरवत फिरवत तुमच्या आजोबांच्या आरामखुर्चीवर आणून थांबवतात. ‘काय पीस आहे हो! आमच्या दुसऱ्या अंकाला अगदी हीच हवी होती.’ खुर्ची दिली की नाटक चुकवता येत नाही, कारण तिच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी जावेच लागते. मग ज्याच्याबद्दल ‘काळजी करू नका, नायक फक्त टेकतो’ असे आश्वासन मिळालेले असते तो नायक आवेगाच्या प्रसंगात तिला लाथ घालतो, आणि सभागृहात फक्त तुमच्याच तोंडून हाय निघते. ती अभिनयाला मिळालेली दाद समजली जाते. पाय मोडलेली आरामखुर्ची दाखवायची सोय असलेल्यांनी ती आधीच दर्शनी भागात मांडून ठेवावी.

नाटक कोणत्या जातीचे आहे हे पडदा उघडताच ओळखावे. सोसायटीच्या कार्यक्रमातले असेल तर बहुधा फार्स असतो आणि त्यात एक पुरुष साडी नेसतो. अत्र्यांनी ‘चार्लीज आँट’वरून ‘मोरूची मावशी’ केली तेव्हापासून प्रत्येक वसाहतीत एक गृहस्थ त्या भूमिकेसाठी नैतिकदृष्ट्या तयार असतात. साडी त्यांच्या पत्नीची असते. ती बाई पहिल्या रांगेत बसून तीन अंक केवळ काठाकडे पाहते, तेव्हा तिच्याशी विनोदावर चर्चा करू नये.

राज्य नाट्य स्पर्धेचे नाटक असेल तर गोष्ट गंभीर. शासनाची ही हौशी स्पर्धा कित्येक दशके चालू आहे आणि प्राथमिक फेरी केंद्राकेंद्रावर होते. तिकीट इतके स्वस्त असते की पैशांची सबब चालत नाही. रंगमंचावर सोफा दिसला तर निर्धास्त व्हावे. चार काळे ठोकळे दिसले तर नाटक आशयघन आहे असे समजून पाणी पिऊन घ्यावे. हे ठोकळे आधी घर, मग न्यायालय, मग गर्भाशय होतात. त्यात लाल प्रकाश आला आणि कोणी पाठमोरे उभे राहिले की समाज सुरू झाला. प्रेक्षागृहाच्या मध्यावर छोट्या दिव्याखाली काहीतरी लिहीत बसलेले तिघे म्हणजे परीक्षक. त्यांच्याकडे पाहून हसायचे की नाही ते ठरवू नये. ते काहीही झाले तरी हसत नाहीत. हाताची घडी घालून बसलेली एक पूर्ण रांगही असते. तो उद्या ज्यांचा प्रयोग आहे तो संघ. त्यांनी टाळ्या वाजवल्या तर आजचे नाटक पडले असे खुशाल समजावे.

जागा निवडताना कडेची, दारापासून चौथी-पाचवी रांग धरावी. पहिल्या दोन रांगांत प्रॉम्प्टर नटाच्या आधी ऐकू येतो आणि उत्कंठा राहत नाही. शिवाय सव्वीस वर्षांचे आजोबा खोकले की केसांतली पावडर तिथवर पोचते. एखाद्याचे वाक्य अडले तर आपल्याला पाठ असले तरी सांगू नये. (गच्चीखाली राहणाऱ्यांना सगळी संहिता पाठ असते.) मध्यंतरात बटाटेवडा खावा, पण तिथेच ‘वडा छान आहे’ असे मोठ्याने म्हणू नये. त्याचा वेगळा अर्थ घेतला जातो.

आता खरी परीक्षा: प्रयोगानंतर रंगपटात जाणे. हे टाळता येत नाही; नट दारातच उभा असतो, अर्धी मिशी अजून ओठावर, डोळ्यांत एकच प्रश्न. या घटकेला प्रामाणिकपणा हा निव्वळ आळस होय. प्रथम त्याचा हात दोन्ही हातांत घ्यावा आणि क्षणभर काहीच बोलू नये. भारावून गेल्यासारखे दिसते आणि विचाराला वेळ मिळतो. मग ‘केवढं पाठांतर!’ म्हणावे. ‘आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता’ हेही निर्धोक, कारण बहुधा ते खरेच असते. ‘वेगळा प्रयत्न होता’ हे वाक्य पूर्वी चालत असे, हल्ली सगळ्यांना कळते. नेपथ्याचे कौतुक हा सोपा मार्ग वाटतो, पण त्यात खाच आहे: नट म्हणतो, ‘म्हणजे माझं काम नाही आवडलं.’ दिग्दर्शकाची भेट झाली तर ‘शेवट फार विचार करायला लावतो’ म्हणून निघावे. कोणता शेवट असे तो विचारत नाही. त्याने दोन ठेवलेले असतात.

घरी पोचेपर्यंत टीका करू नये, हा नियम मोडणारे पस्तावतात. डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर स्टेशनपासून लांब असल्यामुळे रिक्षाच्या रांगेत तुमच्या मागे नायिकेची मावशी उभी असणारच. गाडीतही जपावे. पार्ल्याला प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींचे बोलणे कानावर पडले आणि त्यातून तेंडुलकरांना ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ सुचले, असे सांगतात. शेजारच्या बाकावर कोण बसलेय याचा भरवसा नाही.

एक शेवटची खबरदारी. रंगपटातले कौतुक बेताचे असावे. ते फार हुबेहूब वठले, तर दिग्दर्शक तुमच्याकडे निरखून पाहतो, दोन पावले मागे सरकतो आणि म्हणतो, ‘पुढच्या नाटकात एक पोस्टमन आहे. दोनच वाक्यं. तुमच्याशिवाय दुसरं कोणी डोळ्यांसमोर येत नाही.’ अशा वेळी घशाची तक्रार सांगावी. ‘पत्र आणलंय’ म्हणून दाखवू नये. आणि दाखवलेच, तर निदान दाराची काल्पनिक कडी वाजवून तरी दाखवू नये.