४१ हर्ट्झचा माणूस

बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते आणि मोबाइलचा स्पीकर काहीशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. एवढ्यात माझं सांगीतिक चरित्र आटोपतं. आमच्या ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम लोक हल्ली ऐकतात ते व्हॉट्सअॅपवर. म्हणजे मी जे वाजवतो त्यातलं बहुतेक सगळं हॉलमध्येच राहतं आणि सकाळी झाडूवाला ते केरात भरून नेतो. व्हिडिओत मी दिसतो तेवढा. ड्रम्सच्या डावीकडे, काळ्या शर्टात, काळी गिटार धरून. एका मावसबहिणीने मागे कौतुकाने कळवलं होतं, "छान उभा होतास हं."

कार्यक्रम संपल्यावर गायिकेभोवती गर्दी होते, की-बोर्डवाल्याला लोक नंबर मागतात, ढोलकीवाल्याचे तर हात हातात घेतात. माझ्याकडेही एक जण हमखास येतो. "चारच तारा? दोन तुटल्या का?" (बास या शब्दावरचा विनोद आमच्या कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या प्रत्येक नवरीच्या मामाने करून झाला आहे. त्यामुळे तो इथे येणार नाही.)

तेव्हा विचार केला, ऐकू येणं आपल्या हातात नाही, दिसणं आहे. बास लाल करायचा. घरी, गच्चीवर, स्प्रेच्या डब्याने.

"रंगाने आवाज बदलतो?" बायकोने विचारलं.

"तसा नाही. पिकअपला कळते ती पोलादी तारेची हालचाल. लाकडाला रंग कुठला दिलाय हे त्याच्या गावीही नसतं."

"मग वाजवायला सोपं जातं?"

"नाही."

"मग?"

या 'मग'चं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते बायकोला द्यायचं नव्हतं. लाल शर्ट घालायचं वय निघून गेलं आणि लाल गाडी घ्यायचा पगार काही आला नाही. मधल्या मध्ये लाल गिटार तेवढी शक्य होती.

आता कुठला लाल, यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे. घरात हे ऐकायला कोणी उरलेलं नाही. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, तरी १९५१ साली त्याने प्रिसिजन बास बाजारात आणला आणि माणसाएवढा डबल बास पाठीवर वाहून नेणाऱ्या वादकांची कंबर सोडवली. रंगांच्या बाबतीत मात्र त्याने डोकं चालवण्याचे कष्ट घेतले नाहीत. ड्यूपाँट कंपनी डेट्रॉइटच्या मोटारींसाठी जे रंग बनवत होती, तेच उचलले. 'लेक प्लॅसिड ब्लू' हा १९५८च्या कॅडिलॅकचा निळा. 'सर्फ ग्रीन' शेव्हरोलेचा. आणि माझा लाडका 'फिएस्टा रेड' हा १९५६च्या फोर्ड थंडरबर्डचा. खास रंग हवा असेल तर पाच टक्के जादा. केवढी सोय! रस्त्यात कॅडिलॅक बघून जीव जळला, तर पाच टक्के जादा मोजून तिचा रंग तरी गळ्यात अडकवता येत होता.

हाच लिओ फुलर्टनऐवजी कुर्ल्यात जन्मला असता तर? प्रीमियर पद्मिनीचा कारखाना हाकेच्या अंतरावर. पहिला बास अर्थात काळा-पिवळा निघाला असता. खाली काळा, वर पिवळा, खांद्यावर मीटर. सोलो सुरू झाला की मीटर पाडायचा, मध्यरात्रीनंतर नाइट चार्ज. ऑक्टोबर २०२३मध्ये पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, त्याच दिवशी बासही भंगारात. पांढरा अँबॅसॅडर बास फक्त मंत्र्यांच्या कार्यक्रमात वाजला असता आणि तोही उद्घाटनापुरता. चेतकच्या निळ्या रंगातला बास वाजवण्याआधी एका अंगाला कलता करावा लागला असता, त्याशिवाय त्यातून आवाजच निघाला नसता. एसटीच्या लाल रंगातल्या बासची पहिली तार विधानसभा सदस्यांसाठी राखीव. प्रेक्षकांतून कोणी हात दाखवला की जागच्या जागी थांबायचं. हे सगळं मी मुलाला रंगवून सांगत होतो. तो कानातलं न काढता म्हणाला, "बाबा, फिएस्टा रेड म्हणजे लाल डबाच ना?" एरवी त्याला माझं काहीच ऐकू येत नाही.

मोटारींच्या रंगांचं दुकान स्टेशनच्या पलीकडे आहे. मागे डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं, पुढे हे दुकान. फळीवर स्प्रेचे डबे आणि त्यांच्यावर मोटरसायकलींची नावं.

"फिएस्टा रेड आहे?" मी विचारलं.

"फोर्ड फिएस्टा? ती गाडी बंद झाली साहेब. कंपनीच गेली."

"रंग फोर्डचाच, पण फिएस्टाचा नाही. थंडरबर्डचा."

"मग एनफिल्ड म्हणा ना. थंडरबर्ड एनफिल्डची."

"एनफिल्ड नाही हो. फोर्डची थंडरबर्ड. छप्पन सालची."

त्याने काउंटरवरचा चहा खाली ठेवला. छप्पन सालची फोर्ड बाळगणारं गिऱ्हाईक दुकानात रोज येत नाही. "गाडी बाहेर आहे का?"

"गाडी नाही. बास आहे. गिटार."

चहा पुन्हा वर गेला. शेवटी कॅटलॉग उलटून आम्ही एका स्कूटरच्या लालवर तडजोड केली. सोबत प्रायमर, क्लिअर लॅकर, थिनर आणि वॉटर पेपरची चळत. "मास्क कारखान्यात वापरतात तसला घ्या, कोळशाच्या डब्यांचा," तो म्हणाला. "करोनातला चालणार नाही. धूळ अडेल, थिनरचा वास नाही अडणार." माणूस खरा होता. पावतीवर त्याने गाडीच्या रकान्यात 'गीटार' असं लिहिलं.

बास खोलायला वेळ लागत नाही. चार स्क्रू काढले की नेक सुटते. ब्रिज, पिकअप, नॉब, मग दोन वायरी डिसोल्डर केल्या की उरतं ते नुसतं लाकूड. नेक बसते त्या खाचेला टेप लावायचा, नाहीतर रंगाच्या जाडीनेच ती परत बसत नाही. वेळ लागतो जुना रंग काढायला. माझा बास सत्तरच्या दशकातली जपानी नक्कल. रंग काळा, पॉलिएस्टरचा, इतका टणक की ८० नंबरचा पेपर त्याच्यावरून नुसता फिरून यायचा. हीट गनने तापवून पत्रीने उचकटावा तेव्हा कुठे पापुद्रा सुटायचा.

फक्त एका जागी तो सुटला नाही, कारण तिथे तो नव्हताच. उजवा हात जिथे टेकतो त्या कडेवर काळा रंग झिजून झिजून आतलं लाकूड वर आलं होतं. तिथे घासायला काही शिल्लक नव्हतं. ते काम आधीच्या मालकाच्या मनगटाने करून ठेवलं होतं. माहीमला राहणारे गोव्याचे गृहस्थ. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे, सकाळी एका स्टुडिओत, दुपारी दुसऱ्या. बास घेताना मी त्यांना विचारलं होतं, कोणकोणत्या गाण्यांत वाजवलंत? ते म्हणाले, "नोटेशन समोर यायचं, वाजवायचं, घरी जायचं. कुठल्या पिक्चरचं ते रेडिओवर कळायचं. कधी नाहीच कळायचं." तबकडीच्या वेष्टनावर गायक, संगीतकार आणि गीतकार यांच्यानंतर जागा संपत असे. नाव यायला हवं होतं असं नाही वाटलं? "नाव कोण लिहितो, मॅन? चेक लिहिला तरी पुष्कळ."

मी हसलो होतो तेव्हा. पेपर मारता मारता मात्र मला जेम्स जेमर्सन आठवला आणि हसू आलं नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची साठच्या दशकातली गाणी जगभर लोक ज्या तालावर नाचले, तो चालता-बोलता बास या माणसाचा. १९६२चा प्रिसिजन, बोट एकच, तारा तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत. वर्षानुवर्षं त्याचं नाव कुठल्या वेष्टनावर नव्हतं. ते आलं १९७१मध्ये, मार्व्हिन गेच्या अल्बमवर. १९८३ साली मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, टीव्हीवर दाखवला गेला. जेमर्सन तिथे होता, पण प्रेक्षकांत. तिकीट काळ्या बाजारात विकत घेऊन तो मागच्या रांगांत बसला होता असं सांगतात. त्याच वर्षी तो गेला आणि त्याच्या थोडं आधी तो बासही चोरीला गेला. हे आठवलं की माझा राग इकडेतिकडे फिरून शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर येऊन बसतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या भोकातून जग गाणी ऐकतं आणि वर विचारतं, तुमचं काम नेमकं काय असतं हो?

असो. लाकूड गुळगुळीत झालं. ती झिजलेली कडही इतर लाकडासारखीच गुळगुळीत झाली.

गच्चीवर मे महिन्यात जागा मिळवणं हे फुलर्टनमध्ये कोणाला करावं लागलं नसेल. अर्ध्याहून अधिक गच्ची तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांनी व्यापलेली. मी दोरीवर बास टांगला, नेकच्या जागी काठी ठोकून. डबा हलवायला लागलो, आतली गोळी खडखडली, तशा काकू जिना चढून वर आल्या.

"इकडचा वारा तिकडे जातो की तिकडचा इकडे, हे बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. त्यांनी पदराचं टोक सोडून वारा बघितला आणि मला टाकीच्या पलीकडे, खाली पत्रा धरून उभं केलं. "दहाच्या आत आटप. नंतर ऊन चढलं की तुझा रंग गिटारवर पडेपर्यंतच वाळेल." हे अक्षरशः खरं आहे. कडक उन्हात थेंब हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर खरखरीत भुकटी बसते. मी ते अमेरिकन व्हिडिओंतून शिकलो होतो, काकू कुरडयांतून.

स्प्रेचं तंत्र कागदावर सोपं आहे. वीतभराहून थोडं जास्त अंतर, फवारा लाकडाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच बंद करायचा, हात थांबवायचा नाही, आणि पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर हसावा. हे शेवटचं कोणालाच जमत नाही. लाल दिसायला लागला की माणसाला अजून लाल हवा असतो. मी खालच्या शिंगापाशी क्षणभर रेंगाळलो आणि एक ओघळ निवांतपणे खाली उतरला, आमदार सभागृहात उतरावा तसा. तो वाळू द्यायचा, वॉटर पेपरने घासायचा, पुन्हा मारायचा. मग एके सकाळी आभाळ भरून आलं आणि सुंदर तांबड्यावर पांढुरकी धूसर झाक चढली. थिनर भराभर उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि डोंबिवलीची दमट हवा त्यावर जमून रंगात अडकते. उपाय एकच, हवा कोरडी होईपर्यंत थांबा, मग थिनरचा हलका फवारा. सोसायटीचे सेक्रेटरी तेवढ्यात येऊन "व्वा, गुलाबी छान दिसतोय" म्हणून गेले.

क्लिअर लॅकरचे हात झाले. आरशासारखं नाही, पण ट्यूबलाइटची एक वाकडी रेघ त्यात दिसायला लागली. मी जोडायला घेणार, तर काकू म्हणाल्या, "वाळलंय का?"

"केव्हाच. हाताला लागत नाही."

"वरून वाळलं म्हणजे आतून वाळलं असं नसतं. न दिसणारी जागा कुठली?"

मी पिकगार्डखाली जाणारा भाग दाखवला. काकूंनी तिथे अंगठा टेकवला, जराच दाबला आणि उचलला. लाल लॅकरमध्ये अंगठ्याची एकेक रेषा उमटली होती, तलाठ्याच्या वहीत उमटते तितकी स्वच्छ. "बघ. अजून चीक आहे." कुरडया डब्यात भरल्या गेल्या, पापड झाले, सांडगे झाले, तरी माझा बास माळ्यावर टांगलेलाच. नंतर २००० नंबरपर्यंत पेपर, रबिंग कंपाउंड, पॉलिश. अंगठा तसाच ठेवला आहे, पिकगार्डखाली. लिओ फेंडरच्या कारखान्यात कामगार नेकच्या टोकाला तारीख लिहीत. आमच्याकडे अंगठा.

आणि मग कार्यक्रम. ठाण्यात, लग्नाच्या रिसेप्शनला. मी मुद्दाम ड्रम्सपासून दोन पावलं पुढे उभा राहिलो. गायिकेने वळून बघितलं. की-बोर्डवाला म्हणाला, "नवीन घेतला का?" मी मान तिरकी करून, जणू आत्ताच लक्षात आल्यासारखं, "नाही रे, जुनाच," म्हणालो. इतकी नम्रता मला जन्मात जमली नव्हती.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. लाइटवाल्या पोराने स्टेज निळ्याशार एलईडीत बुडवलं होतं. लाल वस्तू लाल दिसते ती तिच्यावरच्या उजेडात लाल असतो म्हणून. नुसत्या निळ्या उजेडात ती परत पाठवायला काही मिळत नाही आणि ती काळी दिसते. तीन मिनिटांच्या त्या व्हिडिओत ड्रम्सच्या दोन पावलं पुढे एक गृहस्थ काळ्या शर्टात, काळी गिटार धरून उभे होते. मावसबहिणीने अंगठा पाठवला.

पांढरा मात्र निळ्यात निळा दिसतो, लालात लाल, जांभळ्यात जांभळा. फेंडरच्या यादीत 'ऑलिम्पिक व्हाइट' आहे, तोही कॅडिलॅकचा. मी दुकानात फोन लावला आणि पांढऱ्याचे भाव विचारले.

"तीच गाडी का, साहेब?" त्याने विचारलं.