तीन डिफरन्शियल आणि एक जावई

डेन्व्हर, 18 नोव्हेंबर

ती. आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही सहज विचारलंत, "एवढ्याशा गाडीला तीन-तीन डिफरन्शियल कशाला? आमच्या एसटीचं मागच्या एकावर भागायचं." हा प्रश्न तुमच्या जावयांच्या कानावर गेला आणि इथली जेवणं थंड झाली. पुढचा आस म्हणून एक भेंडी, मागचा म्हणून दुसरी, मध्ये काकडीची चकती, असं सगळं ताटात मांडून झालं. तुम्हाला कळवायचं काम माझ्याकडे, कारण त्यांनी लिहायला घेतलं तर पाकिटातून मॅन्युअल येईल.

तर गाडी सुबारूची डब्ल्यूआरएक्स एसटीआय, जुनी घेतलेली. नव्या आता मिळतही नाहीत, अमेरिकेत 2021च्या मॉडेलनंतर ती बंद झाली. आई, तुझ्यासाठी एवढंच की तिच्या नाकावर सहा तारे आहेत आणि त्या कृत्तिका आहेत, त्यामुळे हळदकुंकू वाहायला हरकत नाही. घेताना कारण दिलं गेलं ते असं: सुबारूनं 1995, 1996 आणि 1997 अशी लागोपाठ तीन वर्षं जागतिक रॅलीची कंपन्यांची अजिंक्यपदं जिंकली. आपण तीत मेथी आणि दूध आणतो.

आता तुमचा प्रश्न. गाडी चारही चाकांनी ओढते. पुढच्या दोन चाकांत एक डिफरन्शियल, मागच्या दोनांत एक, हे तुम्हाला मी काय सांगणार! भानगड मधल्याची आहे. पसरणीच्या घाटात एसटी वळताना मागचं चाक आत कापतं, म्हणून तुम्ही नव्या ड्रायव्हरांवर ओरडायचात, आठवतंय? तेच इथे. वळणावर पुढची चाकं बाहेरून जास्त अंतर चालतात, मागची आतून कमी. एसटीत पुढची चाकं नुसती फिरतात, त्यामुळे कुणाचं अडत नाही. इथे दोन्हीकडे इंजिन जोडलेलं, म्हणून पुढच्या-मागच्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा कुणीतरी मध्ये लागतो. तो मोकळा असताना 41 टक्के जोर पुढे जातो, 59 मागे.

पण तो अगदीच मोकळा सोडला तर बर्फात पंचाईत. पुढची चाकं बर्फावर गरगरायला लागली की जोर तिकडेच वाया जातो. म्हणून त्याला आवळायची सोय. बहुतेक गाड्यांत हे काम गुपचूप होतं. या गाडीत मात्र गिअरच्या मागे बोटानं दाबायचं एक चिमुकलं बटण दिलंय. नवरे लोकांच्या हाती असं बटण द्यावं का, हा विचार जपानमध्ये कुणी केलेला दिसत नाही.

त्यात ऑटो आहे, ऑटो प्लस आहे, ऑटो मायनस आहे, आणि मॅन्युअल केलं की मोकळ्यापासून पुरत्या लॉकपर्यंतच्या पायऱ्या आहेत. प्लस म्हणजे जरा आवळून, बर्फासाठी आणि खडीच्या रस्त्यासाठी. मायनस म्हणजे जरा सैल, कोरड्या घाटात नाक चटकन वळावं म्हणून. रोज सकाळी हे हवामान बघतात, खिडकीतून आभाळ बघतात आणि गंभीरपणे एक पायरी निवडतात. मग ऑफिसचा रस्ता: सुतासारखा सरळ, पुढे सिमेंटचा ट्रक, वेग ताशी वीस मैल, आणि गाडी ऑटो मायनसमध्ये.

मागच्या महिन्यात तर किराण्याच्या दुकानासमोर कोरड्या डांबरावर लॉक तसंच राहिलं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडी अडखळत, कण्हत, धक्के देत फिरायला लागली. दोन्ही आसांना एकाच वेगानं फिरायचं, अंतरं वेगळी, आणि कोरड्या रस्त्यावर टायर घसरून सुटका करून घेत नाही, मग ताण सगळा शाफ्टवर. चिरंजीव मागून म्हणाले, "आई, गाडीला आकडी आली." बर्फावर हेच लॉक निमूट चालतं, कारण तिथे चाक हवं तेव्हा घसरतं. त्यामुळे लॉकचं खरं काम एकच: गल्लीत फूटभर बर्फ साचलाय, गाडी रुतलीय, तेव्हा लावायचं, बाहेर पडायचं आणि परत ऑटोवर. माझ्या मते बाकी वेळी त्या बटणाला हातच लावू नये. स्टिअरिंग किती वळलंय, पाय किती दाबलाय, कुठलं चाक जास्त फिरतंय हे गाडीला आपल्याआधी कळतं. हे मत या घरात लोकप्रिय नाही.

आणि थांबायच्या वेळी यातलं काहीच उपयोगी पडत नाही. चार चाकांनी ओढणारी गाडी बर्फात सगळ्यांच्या आधी निघते आणि सगळ्यांइतकीच घसरते. थांबवतो तो टायर. तुम्ही आलात की आय-70 महामार्गानं डोंगरात जाऊ. आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे, महाबळेश्वरावर महाबळेश्वर ठेवलं तरी आपण खालीच. त्या रस्त्यावर मॉरिसन ते डॉट्सेरो या टप्प्यात 1 सप्टेंबरपासून 31 मेपर्यंत कायदा आहे: गाडी चारही चाकांनी ओढणारी असली तरी टायरची नक्षी निदान 3/16 इंच खोल हवी. बटणांबद्दल कायदा एक अक्षर बोलत नाही.

टायरचं आणखी एक, बाबा, हे तुम्हाला पटणार नाही. एक टायर फाटला तर एकच नवा घालायचा नाही. नवा जाड, बाकीचे झिजलेले, म्हणजे घेर वेगळे, आणि मधलं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही वळणावर असल्यासारखं राबत राहतं. मग एक तर चारही घ्या, नाही तर नवा टायर जुन्यांइतका किसून आणा. हो, इथे काही दुकानांत कोरा करकरीत टायर पैसे घेऊन किसून देतात. तुम्ही डेपोत झिजलेल्यावर रबर चढवायचात, हे चढलेलं उतरवतात.

थंडीचे टायर परवाच चढवले. उन्हाळ्याचे चार गॅरेजमध्ये मावत नाहीत, म्हणून तूर्तास तुमच्या खोलीत रचलेत. आई, तेव्हा सोऱ्या आणि पाटावरवंटा आणू नकोस, ठेवायला जागा नाही. खोलीला रबराचा वास येतो, पण हे म्हणतात, बाबांना रात्री छान झोप लागेल.

तुमची,
मंदा