आमचं तेवढं पिवळं करा!

जयसिंगपूरच्या माणसाला पत्ता विचारला तर तो गल्लीचा नंबर सांगतो. शिरोळच्या माणसाला विचारला तर तो चपला घालतो आणि बरोबर यायला निघतो. तालुका एकच. पण जयसिंगपूर शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं आखूनरेखून वसवलं, आणि शिरोळ कुणीच वसवलं नाही. ज्याला जिथं सावली सापडली तिथं तो बसला; उरलेल्या जागेला रस्ता म्हणायची पद्धत पडली.

मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. काटकोनात छेदणारे रस्ते बघितले की मला गहिवरून येतं. जयसिंगपूरला बाजाराला गेलो की चौकात उभा राहून चारी दिशांना नाकासमोर बघत राहतो आणि मेथी आणायची विसरून घरी येतो. एवढ्यावर भागलं असतं, पण त्यात आमच्या शिरोळच्या ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. पाटी बदलली, घरफाळ्याच्या पावतीवरचं नाव बदललं आणि ग्रामसभा मात्र कुणाच्या लक्षात न येता गेली. 73व्या घटनादुरुस्तीनं गावांना ग्रामसभा दिली, 74व्या दुरुस्तीनं 3 लाखांच्या वरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. आम्ही आता गाव नाही आणि तेवढं मोठं शहरही नाही. म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून भांडायची हक्काची जागाच गेली. ज्या गावात भांडण हेच मुख्य सार्वजनिक कार्य, तिथं ही लहान गोष्ट नव्हे.

मग मी 1966 चा नगररचना कायदा आणून वाचला. हे वय असलं वाचायचं नव्हे, पण वाचला. शहराचा विकास आराखडा करायचा, त्याचा मसुदा प्रसिद्ध करायचा, लोकांनी 30 दिवसांत हरकती-सूचना द्यायच्या आणि मग सुनावणी. पुढच्या वीस वर्षांचं गाव आणि वाचायला महिना! लग्नाची आमंत्रणयादी करायलासुद्धा आमच्याकडं याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा ठरवलं, मसुद्याची वाट बघायचीच नाही. गल्लीचा आराखडा गल्लीनं करायचा आणि आधीच नेऊन द्यायचा. पुण्यात 2006 पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेतात, हे वाक्य मी तेव्हा येताजाता इतक्यांदा म्हटलं की चहावाल्यानं माझं नाव ‘पुणेकर’ पाडलं. शिरोळात माणसाची याहून जास्त बेअब्रू करता येत नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी एकच वाक्य ऐकवलं. “न्हाणीचा उतार दाराकडं काढलाय ह्यांनी, आता गावाचं पाणी कुठं काढत्यात बघूया.” उतार दाराकडंच आहे. गवंड्याला तो मी पातळी लावून दाखवला होता.

बैठक मंडळाच्या शेडात ठेवली. ‘भविष्यातील वाढीचे नियोजन’ असा निरोप ग्रुपवर टाकला तर एक अंगठा आला. ‘चहा-भडंगाची सोय आहे’ एवढं जोडल्यावर शेड भरलं. ड्रॉइंगचे कागद डिंकानं जोडून केलेला नकाशा मी भिंतीला लावला होता. नातवाच्या स्केचपेनांनी रहिवासी भाग पिवळा केलेला, शेती हिरवी, आरक्षणं तांबडी. माझ्या मते काम देखणं झालं होतं. प्रस्तावनेसाठी चार पानं लिहून आणली होती, त्यातलं ‘उपस्थित बंधुभगिनींनो’ एवढंच वाचून झालं. सगळे उठून नकाशाला नाक लावून आपापलं घर शोधायला लागले.

“सर, आमचं रान हिरवं का?”

“ऊस आहे की तिथं.”

“ऊस हाय म्हणून काय हिरवंच ठेवतासा व्हय? आमचं तेवढं पिवळं करा.”

मग सगळ्यांनाच पिवळं व्हायचं होतं. हिरव्याचा गुंठा आणि पिवळ्याचा गुंठा यांच्या भावातला फरक शेडात बसलेल्या पोरांनासुद्धा पाठ होता. बाग सगळ्यांना पाहिजे होती, मैदान पाहिजे होतं, अग्निशमनचा बंब वळेल असा रस्ताही पाहिजे होता. फक्त ते सगळं दुसऱ्याच्या रानात. मी बाग जिथं दाखवली होती तो तुकडा शेजारच्या अण्णांच्या मेहुण्याचा निघाला. अण्णांनी तर कायदाच काढला. “टाका की बाग! 10 वर्सांत जमीन घेतली न्हाई तर 127 ची नोटीस देतो.” आयुष्यात वर्तमानपत्र उघडून न बघितलेल्या माणसाला कलम 127 तोंडपाठ. मी मात्र ते आदल्या रात्री वाचून तांबड्या पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बातमी पसरली की सरांनी रस्ता टाकला. लोक घरी यायला लागले. उभ्या आयुष्यात मला कुणी लाच देऊ केली नव्हती. आता एक जण केळीचा फणा घेऊन आला आणि नऊ मीटरचा रस्ता गोठ्यावरून जरासा सरकवा म्हणाला. मी बाणेदारपणे नकार दिला. तोवर नातवानं दोन केळी सोलली होती. रस्ता सरकवावा लागला.

एकच व्यक्ती काही मागायला आली नाही. पलीकडच्या आळीतली आज्जी. काठी टेकत आली, माझ्या ‘नियोजित बाजारकट्ट्या’वर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हितं वड्याचं तोंड हाय. पाणी नदीकडनं येत न्हाई बाबा, मागनं येतंय. नदीला फुगवटा आला की वडा उलटा वाहतोय, आदी ह्यो रस्ता बुडतोय, मग दवाखान्याची वाट. न्हाव कुठं लागली हुती तेबी सांगू?” जनावरं कुठल्या माळावर नेली, दुधाचे कॅन कुणाच्या गच्चीवरून उतरवले, सगळं तिनं उभ्या उभ्या सांगितलं. माझ्या कागदांवर यातलं काहीच नव्हतं. मी बाजारकट्टा खोडला. खोडताना कागद फाटला, तिथं चिकटपट्टी लावली.

आज्जीमुळं पुढच्या बैठकीत पूररेषेचा विषय घ्यावाच लागला. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा, असं मी समजावून सांगितलं. “मग 2005, 2019 आणि 2021 ही कुठली शंभर वर्सं?” अण्णांनी विचारलं. मी पाणी प्यायलो. मग म्हटलं, आपण आपल्या आठवणीनं रेषा काढू. 2019 ला कुणाकडं पाणी कुठवर होतं?

आता हात वर व्हायला लागले. “आमच्या माळ्याला टेकलं हुतं.” “आमचा फ्रीज तरंगला.” “देव्हारा बुडाला.” त्या ऑगस्टात कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर, जिथं 43 फुटांना धोक्याची पातळी, तिथं पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, तेव्हा यात अतिशयोक्ती कमीच होती. मी खूश होऊन निळ्या पेनाचं टोपण काढलं आणि सहज म्हणालो, “निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, बरं का.”

शेडात शांतता पसरली. मग देव्हारा बुडालेल्या गृहस्थांना आठवलं की पाणी पायरीला लागून परत गेलं होतं. फ्रीज मुळात वरच्या मजल्यावर होता. माळ्याचं पाणी बघता बघता उंबऱ्याखाली उतरलं. पंचनाम्याच्या वेळी चढलेला पूर आराखड्याच्या वेळी असा भराभर ओसरला.

मी तत्त्वाला धरून रेषा ओढत निघालो. ओढ्यावरून, तालमीमागून, अण्णांच्या गोठ्यातून ती आली, आणि एका घरापाशी तिनं डौलदार वळण घेतलं, घराला वळसा घातला आणि पुढं गेली. घर कुणाचं ते मी नकाशावर लिहिलेलं नव्हतं. अण्णांनी चष्मा वर करून बघितलं.

“सर, रेघ हाय तिथं ऱ्हाऊ द्या. फक्त आमच्याकडनंबी तशीच वळवा.”

रात्री दहापर्यंत सगळ्यांकडून वळवून झाली. शेवटी निळी रेषा नदीच्या पात्रात जाऊन बसली. ठराव एकमतानं मंजूर झाला. आमच्या गल्लीच्या इतिहासात हे प्रथमच.

नगरपरिषदेत अर्ज द्यायला मी एकटाच गेलो. टेबलामागच्या लिपिकानं नकाशा उलगडला, उत्तर कुठं ते विचारलं, मग सोबतची कागदपत्रं चाळली. रहिवासाचा पुरावा म्हणून मी हाताला लागला तो कागद जोडला होता: 2019 चा माझ्याच घराचा पंचनामा. पाणी साडेपाच फूट, भिंतीवरील खूण समक्ष पाहिली, खाली माझी सही. त्यानं कागद नकाशाशेजारी ठेवला, दोन्हीकडं आळीपाळीनं बघितलं आणि शिक्का हातात धरून अदबीनं विचारलं,

“सर, ह्यातलं कुठलं आवक करू?”