अगं बाई, छपरालासुद्धा तेल लागतं?

ऐकलंत का, सावरगावात आता नवरदेवाला घोडी चालत नाही म्हणतात! घोडी जुनी झाली, बग्गी तर आजोबांच्या काळातली. आता हवी उघडी गाडी. उघडी म्हणजे जीप नव्हे हो, जीप वावरात जाते. बटण दाबलं की जिचं छप्पर आपोआप उठतं, घडी होतं आणि मागे डिकीत गडप होतं, ती. नागपूरहून भाड्याने आणायची, तीही तिसऱ्या-चौथ्या मालकाकडची. भाडं किती ते विचारू नका. विचारलं की वरबाप मंडपातल्या पंख्याकडे बघत बसतो.

आणि हे थेर कुठे, तर जाम नदीच्या काठी! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिथे एका बाजूने पांढुर्णा आणि दुसऱ्या बाजूने सावरगाव दगड हाणतं, मधे पात्रात पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा, तिथे बिनछपराची गाडी! या दगडफेकीची, म्हणजे गोटमारीची कथाच अशी की पांढुर्ण्याचा पोरगा सावरगावची पोरगी पळवून नेत होता. दोघं नदीत पोचले आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. त्या बिचाऱ्यांच्या डोक्यावर झाकायला काही नव्हतं. यांच्या डोक्यावर आहे, तर हे पैसे मोजून उघडतात. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा काय झाला, शौकही जिल्ह्याच्या दर्जाचे झाले.

कुणी म्हणेल, नवीन खूळ आहे. नवीन कसलं! याच मध्य प्रदेशात इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी 1930च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग घेऊन तिच्यावर विलायतेतल्या गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीकडून उघडा स्पीडस्टर बांधून घेतला होता. रंग माहितेय? काळा आणि संत्री! आमच्या बागाईतदारांनी पाहिली असती तर संत्र्याचा मान म्हणून तिला हार घातला असता. पण ते महाराज. झाकपाक करायला चार माणसं हाताशी असणार. आमच्याकडे एक ड्रायव्हर, आणि तोही जेवायला गेलेला.

आता मुख्य गोष्ट. गेल्या लग्नसराईत एका वरातीत काय झालं म्हणे, पंगतीत ऐकलंय, कमीजास्त तुम्ही समजून घ्या. वरात निघाली, डीजे सुरू, नवरदेव मागच्या सीटच्या पाठीवर बसून हात हलवतोय, आणि सौसरच्या बाजूने आभाळ भरून आलं. ड्रायव्हरने ऐटीत बटण दाबलं. छप्पर अर्धं वर आलं आणि तिथेच थांबलं! पुढे नाही, मागे नाही. डिकीचं झाकण उलटं उघडलेलं, मधे काच तिरपी, सगळी गाडी आ वासून उभी. हे असं घडीचं टणक छप्पर गाड्यांवर चढवणारा जॉर्ज पोलँ नावाचा फ्रेंच गृहस्थ मूळचा दातांचा डॉक्टर होता, 1934 साली प्यूजोच्या गाडीवर ते आलं. त्या दिवशी दातांचाच डॉक्टर बोलवायला हवा होता.

ड्रायव्हरचं एकच पालुपद, ‘सेन्सर गेला.’ नवरदेवाच्या मामींनी विचारलं, ‘गेला म्हनजे कुठं गेला? आत्ता त इथंच होता!’

मग पुढे आला ट्रॅक्टरचा मिस्त्री. हसू नका. हायड्रॉलिकचं आमच्या भागात कुणाला नवल नाही, उसाची नि मुरमाची ट्रॉली त्यावरच उलटते. तो म्हणाला, ‘डीजे बंद करा. बटन दाब अन् गप राह्य. आवाज येते का?’ लाख रुपयांचा प्रश्न! डिकीतला पंप घरघरतोय आणि छप्पर हलत नाही, तर तेलाकडे बघायचं: कमी झालंय, कुठून गळतंय किंवा झडप अडकलीय. पंप मुका असेल, तर करंटकडे बघायचं: बॅटरी, फ्यूज, रिले आणि नखाएवढे ते स्विच, जे छपराचा प्रत्येक सांधा जागेवर आला की नाही ते गाडीच्या मेंदूला कळवतात. एकाने जरी ‘हो’ म्हटलं नाही, तर मेंदू पंपाला हलू देत नाही.

इथे पंप मुका होता. बॅटरीचे तर तीन तेरा वाजलेलेच. वरात चालते माणसाच्या पावलाने, इंजिन नुसतं गुरगुरतं, बॅटरी भरणार कशी? त्यात कुण्या हौशीने दिव्यांच्या माळा त्याच बॅटरीला जोडलेल्या. व्होल्टेज पडलं की अशी गाडी छपराचं काम आधी नाकारते. माळा काढल्या, दुसऱ्या गाडीवरून केबल लावून जोर दिला, तरी ढिम्म. शेवटी डिकीत वाकून पाहतात तो काय, संत्र्यांची पेटी! व्याह्यांकडे द्यायची म्हणून वरमाईने ठेवलेली. या गाड्यांच्या डिकीत एक आडवा पडदा असतो. छप्पर त्याच्या वर घडी होतं, सामान खाली राहतं. तो पडदा आकड्यात अडकला नाही, तर एक स्विच जुळत नाही आणि सगळी राणी रुसते. कुणीतरी जास्तीची संत्री कोंबताना तो सोडला होता. एवढ्या महागड्या गाडीचा तोरा, आणि तो मोडला मृग बहाराने!

पेटी काढली, पडदा अडकवला, पंप घरघरला. टाळ्या! छप्पर पुढे सरकलं, काचेच्या कडेशी आलं, आणि आरशाच्या वरून टपकन् पुढच्या सीटवर येऊन बसलेल्या नवरदेवाच्या फेट्यावर थेंब. मग दुसरा. हिरवा! आत्याबाई किंचाळल्या, ‘माय वो, हळदीवर हे काय चढलं?’

यात अघटित काही नाही. छपराची कडी पुढच्या काचेच्या माथ्यावर असते, तिथवर डिकीतून बारीक नळ्या जातात. उन्हाने नि वयाने त्या कुजतात आणि नेमक्या डोक्यावर फुटतात. जग्वारची 1996 साली आलेली एक्सके 8 या हिरव्या अभिषेकासाठी जगभर बदनाम आहे. टाटांना नावं ठेवू नका, त्यांनी जग्वार घेतली 2008 मध्ये. ही आधीच्या मालकांची पुण्याई. फोर्डने 1957च्या स्कायलायनरमध्ये तेलाची भानगडच ठेवली नव्हती, नुसत्या मोटारी, रिले आणि सहाशे फुटांहून जास्त वायर. म्हणजे गळणार काही नाही, पण बिघाड शोधायला सहाशे फूट!

एवढ्यात एक अतिशहाणा ब्रेक ऑइलची बाटली घेऊन धावत आला. मिस्त्रीने बाटली हिसकावली, आणि तिथे त्याने खरं पुण्य कमावलं. या गाड्यांतलं तेल वेगळ्या जातीचं. त्यात ब्रेक ऑइल ओतलं की रबरी सील फुगून खराब होतात, मग नळ्यांपासून पंपापर्यंत सगळंच बदला. शिवाय सगळं तेल मिळून तांब्याभर, म्हणजे पाच-दहा थेंबांचाही हिशोब लागतो.

मग बंद कसं केलं? तर पंपावर एक बारीक झडप असते, ऍलन चावीने सैल केली की दाब उतरतो आणि छप्पर हाताने ओढता येतं. पण दाब उतरला की ते भारदस्त धूड आधाराशिवाय राहतं, खाली बोट सापडलं तर लग्नात पट्टी. म्हणून आधी पोरांना लांब केलं, चौघांनी चार कोपरे धरले आणि मग झडप सोडली. नवरदेव फेटा सांभाळत रस्त्यात उभा. पाऊस? तो आलाच नाही.

आता म्हणे पुढच्या लग्नालाही तीच गाडी ठरली आहे. वरबापाने अट घातली आहे: छप्पर उघडंच आणायचं आणि उघडंच न्यायचं, बटणाला हात लावायचा नाही. मागून मंडपवाल्याचा पोरगा मोटारसायकलवर ताडपत्री घेऊन येणार आहे. त्याचे पैसे वेगळे.