नियमानुसार कार्यवाही

आमचे साहेब बोलतात भरपूर, फक्त सांगत काहीच नाहीत. सोमवारच्या मीटिंगमध्ये ते सुरू होतात तेव्हा चहा वाफाळत असतो आणि थांबतात तेव्हा त्यावर जाड साय धरलेली असते. मग खरी मीटिंग जिन्याच्या वळणावर भरते. विषय एकच : साहेब नक्की काय म्हणाले? अकाउंट्सवाल्यांच्या मते खर्च कमी करायचाय, खरेदीवाल्यांच्या मते मार्चच्या आत सगळा उडवायचाय. शेवटी शिपाईमामांना विचारावं लागतं.

लेखी विचारावं, तर फायलीवर शेरा येतो : 'नियमानुसार कार्यवाही करावी.' कुठला नियम, हे ठाऊक असतं तर फाईल वर कशाला गेली असती? व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा येतो. मंजूर, वाचलं, की फोन खिशात टाकताना बोट लागलं, यावर ऑफिसात तीन तट पडतात.

मध्यंतरी वरून हुकूम आला म्हणून 'प्रभावी संवाद' या विषयावर प्रशिक्षण झालं. हॉटेलात, जेवणासकट. व्याख्यात्यांनी विचारलं, "मागे ऐकू येतंय ना?" मागच्यांनी जोरात माना डोलावल्या, त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

खरं तर या विषयाचा धडा आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलाय. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ, दळवटण्याच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना पत्र धाडलं. दाणावैरण आत्ताच उधळलीत तर भर पावसात मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं ओरबाडाल आणि ते म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. असा सगळा हिशेब त्यात मांडलाय. आगीचं तर विचारूच नका. रात्री दिवा तसाच जळत राहिला आणि उंदराने पेटती वात पळवली तर काय होईल, इथवर महाराज पोचलेत. राज्य उभं करणाऱ्या माणसाला उंदीर दिसतो! आमच्याकडे याच मजकुराचं परिपत्रक निघालं असतं : 'अग्निसुरक्षेबाबत उचित उपाययोजना करण्यात यावी.' प्रत माहितीस्तव सर्व विभागांना. पागा जळून गेल्यावर सगळ्यांच्या पोचपावत्या मात्र जागच्या जागी सापडल्या असत्या.

देहबोली, आवाजातले चढउतार वगैरे राहू द्या हो. कारण सांगा, उंदीर कुठून येणार ते सांगा. माणसं आपसूक कामाला लागतात.

गेल्या महिन्यात साहेबांना काय झालं कोण जाणे. सरळ टेबलापाशी आले आणि म्हणाले, "गुरुवारी दोन वाजता ऑडिटवाले येतायत. तुम्ही फक्त स्टॉक रजिस्टरची बेरीज जुळवून ठेवा, गेल्या वेळी तिथेच अडकलो होतो. बाकीचं मी बघतो."

बुधवारी संध्याकाळीच बेरीज तयार. आणि तेव्हापासून ऑफिसभर एकच कुजबुज : साहेबांची बदली झाली वाटतं.