पद्मिनीच्या पोटातलं पाणी

नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत काळं प्लॅस्टिकचं आवरण दिसतं. त्यावर कुणाला काही बोलता येत नाही. आमच्या प्रीमियर पद्मिनीचं तसं नाही. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, भोवती ऐसपैस मोकळी जागा आणि सगळे भाग उघडे. त्यामुळे बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, यातलं आपल्याला कळतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघायच्या तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच ज्येष्ठांनी त्या काळात, गाडी मिळायच्या आधीच, तिचा सगळा अभ्यास उरकून घेतला. ज्यांना गाडी मिळालीच नाही ते आज जास्त अधिकारानं बोलतात.

यंदाच्या पावसाळ्यात ऑइल भरायचं झाकण काढलं, तर त्याच्या आतल्या अंगाला पिवळसर पांढरा लगदा. थेट श्रीखंड, फक्त वेलची कमी. तेलात पाणी मिसळलं की असं होतं, एवढं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हे पाणी आलं कुठून, यावर मात्र पार्किंगमध्ये परिसंवाद भरला.

"हेड गॅस्केट गेलं," तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. काका बँकेतून निवृत्त झालेत, पण हेड गॅस्केटवर त्यांची श्रद्धा आहे. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये हा पातळ पत्रा असतो. सिलिंडरातला जाळ, गाडी थंड ठेवणारं पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांच्या हद्दीत शिरू न देणं हे त्याचं काम. तो फुटला तर पाणी तेलात उतरतं. मग हेड उतरवा, घासून सपाट करून घ्या, नवं गॅस्केट बसवा, आणि खिसाही सपाट होतो. दुसऱ्या एका गृहस्थांनी ब्लॉकलाच तडा गेल्याचं जाहीर केलं. तिसऱ्यांना २६ जुलै २००५ चा मुंबईतला पूर आठवला. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे खरं आहे. पण आमची पद्मिनी तेव्हा पुण्यात कोरड्या छपराखाली उभी होती. हा पुरावा त्यांना पटला नाही.

शेवटी हिनं गॅलरीतून विचारलं, "अहो, आलं कुठून ते राहू दे. रेडिएटरमधलं कमी झालंय का, ते बघितलं का कुणी?"

सोसायटीच्या टाकीचा आणि टँकरचा हिशेब हीच ठेवते. कुठं पाणी वाढलं की कुठलं तरी कमी झालेलं असतं, हे तिला पाठ आहे.

सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडलं (तापलेलं उघडू नये, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं). पाणी काठोकाठ. मग तसंच उघडं ठेवून गाडी चालू केली. गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरातला वायू पाण्यात शिरतो आणि बुडबुडे येत राहतात. एकही आला नाही. गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटला नाही. ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तिच्यावरचं तेल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. एका शेजाऱ्यांनी लगदा चाखून बघायला सुचवलं, कूलंट असेल तर गोड लागतो म्हणे. गोड लागतो हे बरोबर, पण तो विषारीही असतो. परीक्षेसाठी शहीद व्हायची गरज नाही.

एक परीक्षा स्वयंपाकघरात होते. तापलेल्या चमच्यावर तेलाचा थेंब टाकायचा. आत पाणी असेल तर तो तडतडतो. चमचा परत डब्यात येणार नाही, या अटीवर हिनं एक जुना चमचा दिला. झाकणावरचा लगदा मोहरीसारखा तडतडला. पट्टीवरचं तेल गप्प बसलं. म्हणजे पाणी होतं, पण फक्त वरच्या मजल्यावर.

हे पाणी पेट्रोलचं. भेसळीचं नव्हे, शुद्ध पेट्रोलचं. पेट्रोलमधला हायड्रोजन जळताना हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो आणि लिटरभर पेट्रोलमागे साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली तेलाकडे उतरते. रिंगा म्हाताऱ्या असल्या तर जरा जास्तच. तेल नीट तापलं तर ती उडून जाते. आमची गाडी मंडईपर्यंत जाते आणि कोथिंबीर घेऊन परत येते. तेवढ्यात तेल कोमटही होत नाही. मग वाफ सगळ्यात गार जागा शोधते, ती म्हणजे झाकण.

मिस्त्री आले आणि उरलेला उलगडा झाला. "साहेब, थर्मोस्टॅट कुणीतरी आधीच काढून टाकलाय. आपल्याकडं लागत नाही म्हणून काढतात." इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना उघडते. ती नसली तर पावसाळ्यात इंजिन गारच राहतं. गाडी विकताना मागच्या मालकांनी अभिमानानं सांगितलं होतं, "ही कधी तापत नाही हो!"

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हद्दपार झाल्या. त्यामुळे थर्मोस्टॅट शोधायला जुना बाजार पालथा घालावा लागला. तो बसवला, ऑइल आणि फिल्टर बदलला, आणि गाडी साताऱ्याला नेली. जाताना खंबाटकीचा चढ, येताना बोगदा, डिकीत कंदी पेढे. त्यानंतर झाकण स्वच्छ आहे. काकांचं म्हणणं असं, की गॅस्केट आपोआप बसलं.

पट्टीवरचंच तेल दुधाळ दिसलं तर मात्र गाडी चालू करू नका, ओढून गॅरेजला न्या. असलं तेल बेअरिंगवर टिकत नाही आणि क्रँक खाऊन टाकतं. लगदा नुसताच झाकणाखाली असेल तर आधी रेडिएटर बघा, मग पट्टी, मग थर्मोस्टॅट, आणि गाडी महिन्यातून एकदा तरी गावाबाहेर काढा. "हेड उतरवा" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, "पाणी कमी झालंय का?" उत्तर नसेल तर पान्याला हात लावू देऊ नका.