वूहू बेट : पाच मिनिटांत ऐंशी पॉइंट

ऐन थंडीत मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या माणसाला फिरायला दोनच जागा : दिवाणखाना आणि तळघर. आमच्या तळघरात निन्टेंडोचं वी हे व्हिडिओ गेमचं यंत्र होतं आणि त्यात वूहू नावाचं अख्खं बेट. व्हिसा नको, बॅगा नकोत, लोणच्याच्या बरणीवरून कस्टमवाल्याशी हुज्जत नको. २००९ साली आलेल्या 'वी स्पोर्ट्स रिसॉर्ट'मध्ये 'आयलंड फ्लायओव्हर' म्हणून एक प्रकार आहे. छोटं विमान घ्यायचं आणि बेटावरून हिंडायचं, संपलं. शर्यत नाही, गोळीबार नाही.

"आजोबा, रिलॅक्स व्हा," म्हणत नातवाने रिमोट हातात दिला. तो कागदी विमानासारखा धरायचा. पुढचं टोक उचललं की विमान वर, मनगट वळवलं की विमान कलतं. डोंगरावर आपटलं तरी फुटत नाही. अशा वाहनात बसून आपण खरंच रिलॅक्स झालो असतो. पण बेटावर पॉइंट होते.

मराठी माणसाला पॉइंट दाखवायचे आणि वर निवांत बस म्हणायचं! महाबळेश्वरला आपण हवा खायला जातो आणि टॅक्सीवाल्याच्या यादीतले पॉइंट संपवून धापा टाकत परततो. वूहूवर ते ऐंशी आहेत आणि एक फेरी पाच मिनिटांची. म्हणजे पॉइंटला पावणेचार सेकंद. हवेत तरंगणाऱ्या खुणेतून विमान नेलं की जागेचं नाव आणि चार ओळी माहिती येते, ती वाचेपर्यंत पुढचा कडा समोर. एकदा मिळालेला पॉइंट जमा राहतो, घाई करू नका, असं नातू सांगत होता. पण उरलेलं उद्या बघू, या बोलीवर कोणी टूर काढतं का?

माका वूहू हा ज्वालामुखी 'झाला', समरस्टोन धबधबा 'झाला', शुगरसँड किनारा तर वळतावळताच उरकला. मागे सोफ्यावर सौ. होत्या.

"अहो, खाली मोठं हॉटेल दिसतंय."

"कोकोबा हॉटेल. झालं ते."

"झालं काय? थांबवा ना, चहा घेऊ."

"हे थांबत नाही."

"मग आपल्या एस.टी.नं काय वाईट केलं होतं?"

त्यात काही पॉइंट संध्याकाळी, काही रात्रीच दिसतात. मग पुन्हा उड्डाण. संध्याकाळचं बेट मात्र खरोखर देखणं आहे आणि मुख्य म्हणजे सूर्यास्ताच्या आड कोणाचंही डोकं येत नाही. भाजलेलं कणीस मिळत नाही, ही उणीव गंभीर आहे.

कंपनीही हिशेबी. हेच बेट तिने २०११ साली 'पायलटविंग्ज रिसॉर्ट'मध्ये पुन्हा उडायला दिलं आणि त्याच वर्षी 'मारिओ कार्ट ७'मध्ये त्यावर गाड्या पळवल्या. बेट एक, तिकिटं तीन.

जाणार असाल तर मानेला पट्टा असू द्या, कारण विमान कललं की आपणही कलतो. रिमोटचा पट्टा मनगटाला घट्ट बांधा. आणि सुनेची फुलदाणी आधी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.